पाण्यावरील तेल आणि कच्चा कापूस

चिकलठाण्यासारख्या कोरड्या मुलखांत राहणाऱ्या मनुष्यानें समुद्रावर सांडलेल्या तेलाविषयीं बोलावें, हें पुष्कळ श्रोत्यांना विचित्र वाटेल. मुंबईचा समुद्र येथून रस्त्यानें तीनशेंहून अधिक किलोमीटर दूर आहे. परंतु आमच्या गांवाजवळून सुखना नदी वाहते, शेजारीं औद्योगिक वसाहत आहे, आणि जिल्ह्यांत कोठेंही जा, कापसाचीं शेतें दिसतात. पाणी, तेल आणि कापूस यांचा परस्परसंबंध हाच आजच्या भाषणाचा विषय आहे. त्याचा इतिहास सांगण्यापूर्वीं घरच्या घरीं करतां येईल असा एक प्रयोग सांगतों.

परातींत पाणी घेऊन त्यावर चमचाभर गोडें तेल सोडावें. औषधांच्या दुकानांतील पांढऱ्या कापसाचा बोळा त्यावर टाकला, तर तो पाहतां पाहतां पाणी पिऊन जड होतो व बुडूं लागतो. तवंग बहुतेक तसाच राहतो. आतां शेतांतल्या बोंडांतील, केवळ सरकी काढलेला कापूस घ्यावा. तो तरंगतो आणि तेल आपल्याकडे ओढून घेतो. शाळेंत हा प्रयोग दाखविला कीं मुलें हटकून विचारीत, ‘कापूस तोच, मग वागणूक निराळी कां?’ उत्तर असें कीं, कापसाच्या तंतूवर निसर्गानें मेणाचा अतिशय पातळ थर दिलेला असतो. वजनांत तो शेंकडा एकाच्या आंतबाहेर. पण तोच पाण्याला दूर ठेवतो आणि तेलाला जवळ करतो. औषधी कापूस तयार करतांना कॉस्टिक सोड्यांत उकळून हें मेण काढून टाकतात. तात्पर्य, तेल टिपणारा पदार्थ किती पितो याइतकेंच तो काय नाकारतो यालाही महत्त्व आहे. हें साधें तत्त्व जगाला मोठी किंमत देऊन शिकावें लागलें.

१८ मार्च १९६७ रोजीं इंग्लंडच्या कॉर्नवॉल किनाऱ्याजवळ ‘टॉरी कॅनियन’ हें तेलवाहू जहाज खडकावर आदळलें. त्यांत सुमारें १ लक्ष १९ हजार टन कच्चें तेल होतें. तें हटविण्यासाठीं ब्रिटिशांनीं साबणासारखीं रसायनें हजारों टन ओतलीं. तवंग डोळ्यांआड झाला. परंतु किनाऱ्यावरील शंखशिंपल्यांचे जीव त्या रसायनांनींच मोठ्या संख्येनें मेले. रोगापेक्षां औषध भयंकर ठरलें. जानेवारी १९६९ मध्यें कॅलिफोर्नियांतील सांता बार्बरा येथें समुद्रांतील तेलविहीर फुटली, तेव्हां पाण्यावर व वाळूवर पेंढा पसरून तो दाताळ्यांनीं ओढून काढण्यांत आला. उपाय ओबडधोबड खरा. पण त्यानें तेल पाण्याबाहेर तरी येत असे. दोष एवढाच कीं, पेंढा तेलाबरोबर पाणीही पितो आणि कांहीं वेळानें बुडतो.

पुढें पॉलिप्रॉपिलीन या प्लॅस्टिकच्या तंतूंच्या गाद्या व लांब गुंडाळ्या प्रचारांत आल्या. हे तंतू पाणी घेत नाहींत आणि स्वतःच्या वजनाच्या दहापट किंवा त्याहून अधिक तेल धरतात. ते कुजत नाहींत, हा त्यांचा गुण आणि दोषही. १९८९ मध्यें अलास्कांतील ‘एक्झॉन व्हाल्डेझ’च्या अपघातानंतर फिल मॅक्रोरी या अमेरिकन केशकर्तनकारानें पाणमांजरांच्या केसांना चिकटलेलें तेल पाहिलें, आणि दुकानांत कापून पडलेले केस या कामीं वापरण्याची कल्पना काढली. २०१० मध्यें मेक्सिकोच्या आखातांत तेल पसरलें, तेव्हां लोकांनीं केसांचे ढीगच्या ढीग गोळा केले. परंतु चांचणींत केसांच्या गुंडाळ्यांनीं पाणी अधिक व तेल कमी घेतलें, म्हणून अधिकाऱ्यांनीं त्या स्वीकारल्या नाहींत. सदिच्छेलाही परातींतला प्रयोग चुकत नाहीं.

त्याच वर्षीं हें संकट आपल्या दारीं आलें. ७ ऑगस्ट २०१० रोजीं मुंबई बंदराजवळ ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया-३’ या जहाजांची टक्कर झाली. ‘चित्रा’ एका अंगावर कलली, मालाचे शेंकडों कंटेनर समुद्रांत पडले आणि सुमारें ८०० टन इंधनतेल सांडलें. बंदराची वाहतूक कांहीं दिवस बंद राहिली. तटरक्षक दलानें तवंगाचे सूक्ष्म थेंब करणारें रसायन फवारलें. तेल टिपणाऱ्या गाद्या अशा वेळीं खोल समुद्रांत फारशा कामास येत नाहींत. पावसाळ्याच्या लाटा त्यांना ठरूं देत नाहींत आणि दाट तेल तंतूंत लवकर शिरत नाहीं. परंतु तेल उरण, अलिबाग, घारापुरीच्या किनाऱ्यांवर आणि खारफुटींत पोंचलें. खारफुटीचीं श्वसनमुळें चिखलांतून वर डोकें काढून हवा घेतात. त्यांवर तेलाचा लेप बसला कीं झाड गुदमरतें. मासळी घेण्यास लोक भिऊं लागल्यानें कोळ्यांच्या चुलीपर्यंत त्या तवंगाची झळ पोंचली.

मॉरिशस बेटावर ऊसमळ्यांत मजुरीस गेलेल्या आपल्या लोकांचे वंशज आजही स्वतःस मराठी म्हणवितात. तेथें २५ जुलै २०२० रोजीं ‘वाकाशियो’ हें जहाज प्रवाळखडकावर चढलें आणि ऑगस्टमध्यें त्यांतून सुमारें १००० टन तेल गळलें. तेव्हां बेटावरील हजारों नागरिक आपण होऊन किनाऱ्यावर आले. त्यांनीं उसाचें वाळलेलें पाचट कापडी पिशव्यांत भरून लांब गुंडाळ्या शिवल्या आणि त्या तरंगाव्या म्हणून रिकाम्या बाटल्या बांधल्या. ज्या उसासाठीं पूर्वजांनीं घाम गाळला, त्याचेंच पाचट वंशजांच्या समुद्राच्या रक्षणास आलें.

आतां पुन्हां कापसाकडे वळूं. टेक्सास टेक विद्यापीठांतील शेषाद्री रामकुमार व त्यांचे सहकारी यांनीं २०१३ मध्यें प्रसिद्ध केलेल्या संशोधनांत असें दिसून आलें कीं, अपक्व बोंडांतील हलक्या प्रतीचा कच्चा कापूस स्वतःच्या वजनाच्या तीसपटींहून अधिक खनिज तेल धरूं शकतो. बाजारांत ज्याला भाव पाडून मागतात, तोच कापूस या कामीं सरस ठरला, कारण त्याचे तंतू बारीक असतात. शिवाय तो कुजून मातींत मिळणारा आहे.

एवढ्यावरून आमच्या शेतकऱ्याचें दैन्य फिटेल, असें मी म्हणत नाहीं. तेल प्यालेला कापूसही घातक कचराच असतो. तो कोठें न्यावयाचा व कसा जाळावयाचा, याची व्यवस्था आधीं हवी. शिवाय इतिहास सांगतो कीं, टिपण्याचा उपाय मोठ्या तवंगाला पुरत नाहीं. त्याची खरी जागा लहान सांडवणीची. गाड्या दुरुस्त होतात तेथील गटाराच्या तोंडाशीं, यंत्राखालच्या ओघळापाशीं, तेल नदीस मिळण्यापूर्वीं कच्च्या कापसाची एक गादी ठेवणें कोणालाही जड नाहीं. मुंबईचा तवंग आपण आवरूं शकलों नाहीं. सुखनेकडे जाणारा ओघळ मात्र आपल्या उंबरठ्यावरच अडवितां येतो.