‘हॅरोइंग’ म्हणजे थरारक नव्हे

महापूर असो, भूकंप असो की अपघात, वाचलेल्या माणसांविषयीच्या इंग्रजी बातमीत ‘हॅरोइंग एक्स्पिरिअन्स’ हे शब्द हमखास भेटतात. मराठीत घाईघाईनं त्याचा ‘थरारक अनुभव’ करून टाकतात. गफलत इथंच होते. थरारक तर क्रिकेटचा सामनाही असतो, आणि तो बघायला लोक तिकीट काढतात!

शेतकऱ्याच्या घरात हा शब्द लवकर कळेल. नांगरटीनंतर उरलेली ढेकळं फोडायला जे दातेरी अवजार ओढतात, त्याला इंग्रजीत ‘हॅरो’ म्हणतात. काम आपल्या कुळवासारखंच. पण कुळवाला सपाट फास असते, जुन्या हॅरोला टोकदार दात. ट्रॅक्टरमागच्या डिस्क हॅरोमुळं हे नाव आता आपल्या शिवारातही पोचलंय. जमिनीवरून ते दात फिरावेत, तसा मनाला ओरबाडत जाणारा अनुभव म्हणजे हॅरोइंग. शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’मध्ये राजाच्या भुताच्या प्रसंगांत ‘हॅरो’ हे क्रियापद याच अर्थानं आलंय.

हे विशेषण माणसाला लागत नाही. अनुभवाला, प्रवासाला, हकिकतीला लागतं. बस दोन तास उशिरा आली तर तो नुसता वैताग, हॅरोइंग नव्हे. ‘हॉरिफाइंग’शीही त्याची गल्लत नको. तिथं दचकणं, हादरणं असतं. इथं यातना असते, आणि घटना सरली तरी ती सहसा सुटत नाही. ऐकणाऱ्यालाही ती बोचते, म्हणून हकिकतही हॅरोइंग ठरते.

मराठीत याला एकच नेमका शब्द नाही. ‘हृदयद्रावक’मध्ये करुणा जास्त, ‘भयानक’मध्ये नुसती भीती. तेव्हा प्रसंग बघून लिहावं. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात बेळगाव, कोल्हापूर, सांगली या तिन्ही जिल्ह्यांत घरंदारं पाण्याखाली गेली. पाणी चढत असताना माळ्यावर पोरंबाळं घेऊन बसलेल्या कुटुंबाची रात्र ‘थरारक’ म्हटली, की ती सिनेमातली वाटते. ‘जीव मुठीत धरून काढलेली रात्र’ म्हटलं, की ती त्यांची राहते. त्यांची हकिकत मात्र ‘काळीज पिळवटून टाकणारी’. शीर्षकात एवढं मावत नसेल तर ‘भीषण’ चालेल, ‘थरारक’ नको.