गजरा, प्रवाह आणि नामपूरची संध्याकाळ

मुंबई दूरदर्शनच्या पहिल्या दशकाविषयी मराठीत जे स्मरणपर लेखन झाले आहे, त्यात 'आपण' हे सर्वनाम विलक्षण सहजतेने वावरताना दिसते. साडेसातच्या बातम्या आपण ऐकत होतो, 'गजरा'ची वाट आपण पाहत होतो, चिमणरावांना आपण हसत होतो. या 'आपण'मध्ये कोण सामावले होते आणि कोण नव्हते, हा प्रश्न सामाजिक तर आहेच. परंतु तो रूपबंधाचाही प्रश्न आहे, म्हणून समीक्षेच्या कक्षेत येतो.

प्रथम रूपबंधाविषयी. रेमंड विल्यम्स यांनी १९७४ साली दूरचित्रवाणीवरील आपल्या ग्रंथात 'प्रवाह' ही संकल्पना मांडली. मायामीत एका रात्री अमेरिकन दूरचित्रवाणी पाहताना चित्रपट, जाहिराती आणि आगामी चित्रपटांचे तुकडे एकमेकांत असे मिसळत गेले, की कोणती गोष्ट कोठे संपली हे त्यांना कळेना. सुट्या कार्यक्रमांऐवजी ही अखंड सरमिसळ हेच या माध्यमाचे वैशिष्ट्य, असा त्यांचा निष्कर्ष. आपल्याकडील माध्यमविषयक लेखनात ही संकल्पना बरीच वापरली गेली. ती येथे लागू पडते का, हे मात्र फारसे तपासले गेले नाही.

२ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालेल्या मुंबई केंद्राची संध्याकाळ प्रवाहासारखी मुळीच नव्हती. 'आमची माती आमची माणसं' संपे, निवेदिका पडद्यावर येई, पुढील कार्यक्रमाचे नाव सांगे, मग तो सुरू होई. 'ज्ञानदीप', 'प्रतिभा आणि प्रतिमा', 'कामगार विश्व', 'छायागीत' या प्रत्येकाची चौकट वेगळी आणि श्रोताही वेगळा गृहीत धरलेला. मध्येच 'व्यत्यय' अशी पाटी झळके आणि सांधा उघडा पडे. पुढल्या आठवड्यात काय आहे हे सांगण्यासाठी 'साप्ताहिकी' हा स्वतंत्र कार्यक्रमच होता. म्हणजे अनुक्रमणिकाही वाचून दाखविली जात होती. या बांधणीचे नाव त्या केंद्रानेच नकळत देऊन ठेवले आहे. 'गजरा' या कार्यक्रमात नाटुकली, प्रहसने, चुटके एका सूत्रात ओवलेले असत. गजऱ्यात फुले वेगळी राहतात, गाठी दिसतात, दोरा दिसतो. संपूर्ण संध्याकाळच त्या अर्थाने गजरा होती. तिची पूर्वपीठिका अमेरिकन दूरचित्रवाणीत शोधण्यापेक्षा मराठी मासिकांत आणि दिवाळी अंकांत शोधावी. गण, गौळण, बतावणी, वग हा तमाशाचा क्रमही दूरचा नव्हे. फक्त तेथे क्रम परंपरेने ठरलेला असतो, येथे तो संपादकाने ठरवावा लागतो.

येथे दोरा कोणता, हे पाहिले की चर्चेला वेगळे वळण लागते. दोरा होता निवेदनाच्या भाषेचा. ती मुंबई-पुण्याची प्रमाण मराठी, शिष्ट, स्वच्छ उच्चारांची. चिं. वि. जोशी यांचा चिमणराव दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांच्या अभिनयामुळे सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात घराघरांत पोहोचला असे म्हणतात. मात्र मुळात चिमणरावाचे घर हे एका विशिष्ट शहरी वर्गाचे घर आहे. त्याचा विनोद त्या वर्गाच्या संकेतांवर उभा आहे. शेतकऱ्याला या संध्याकाळी स्थान होते, पण ते उपदेशाचा ग्राहक म्हणून. बियाणे, खते, फवारणी यांविषयी त्याच्याशी बोलले जाई. कविता आणि नाटक यांविषयीचे बोलणे दुसऱ्या कोणाशी तरी चाले. आकाशानंदांच्या 'ज्ञानदीप'ने प्रेक्षकांची मंडळे उभारून ही भिंत काहीशी खालावली, हे नमूद केलेच पाहिजे. आणखी एक तपशील सूचक आहे. मुंबई केंद्रावर 'आवो मारी साथे' हा गुजराती कार्यक्रम होता. मुंबईच्या लोकसंख्येचा विचार करता ते योग्यच. पण अहिराणीला या गजऱ्यात असे स्वतंत्र फूल मिळाले नाही. केंद्राची बहुभाषिकता महानगराच्या मापाची होती.

आता नामपूर. बागलाण तालुक्यात मोसम नदीकाठी वसलेले हे बाजाराचे गाव मुंबईपासून रस्त्याने अडीचशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे. वरळीच्या मनोऱ्यावरून निघणाऱ्या लहरी तेथवर पोहोचण्याचा प्रश्नच नव्हता. १९७३ साली सिंहगडावरील प्रक्षेपकामुळे पुणे जोडले गेले, आणि पहिल्या दशकातील 'अवघा महाराष्ट्र' मुख्यतः या दोन केंद्रांच्या टप्प्यापुरता होता. १९७५-७६मध्ये उपग्रहाद्वारे सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत दूरचित्रवाणीचा प्रयोग झाला. त्या सहांत महाराष्ट्र नव्हता. राजस्थान आणि ओरिसातील खेडी पडदा पाहत होती, तेव्हा बागलाणात रेडिओ होता, यात्रेतला तमाशा होता, आणि कानबाईच्या रात्री अहिराणी गाणी होती. त्या रात्रीही नाना प्रकारांची सरमिसळ असे; तिला निवेदिकेची गरज नसे, कारण गाणारे आणि ऐकणारे एकाच बोलीत उभे असत.

अशा गावांकडे पडदा आला तो ऐंशीच्या दशकात. १५ ऑगस्ट १९८२ रोजी राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, इन्सॅट-१बी १९८३ साली अवकाशात गेला आणि १९८४मध्ये काही महिने जवळपास रोज एक या वेगाने प्रक्षेपक उभारले गेले. या लघुशक्ती प्रक्षेपकांवरून प्रामुख्याने दिल्लीचे कार्यक्रम दाखवले जात, मुंबईचे नव्हे. या घटनेचे वाङ्मयीन परिणाम आपण लक्षात घेतलेले नाहीत. पुण्याच्या प्रेक्षकाला दूरचित्रवाणी प्रथम मराठीत भेटली. मुंबई-पुण्याच्या टप्प्याबाहेरील फार मोठ्या मराठी प्रदेशाला ती प्रथम हिंदीत भेटली. घरात अहिराणी, शाळेत मराठी, पडद्यावर हिंदी अशी तिपेडी रचना तेथे तयार झाली, आणि तिच्यात पुस्तकी मराठीला मनोरंजनाची भाषा होण्याची संधी एका पिढीपुरती तरी हुकली. ७ जुलै १९८४ रोजी सुरू झालेल्या 'हम लोग'मध्ये अशोककुमार भागाच्या शेवटी येऊन बोलत आणि मालिकेचे नाव निरनिराळ्या भारतीय भाषांतून उच्चारत. सूत्रधार तोच, दोरा मात्र बदललेला. मराठी आता त्या गजऱ्यातले एक फूल.

माझ्या मते मराठी साहित्यव्यवहारात ग्रामीण आणि नागर यांच्या अभिरुचीतील अंतराची जी चर्चा पुढे झाली, तिच्यात ही प्रक्षेपणाची कालक्रमणा जमेस धरली गेली नाही. 'प्रतिभा आणि प्रतिमा'तून लेखकाचा चेहरा आणि आवाज परिचित झालेला वाचक, आणि लेखकाला केवळ पाठ्यपुस्तकातील नावापुरते ओळखणारा वाचक, हे एकाच काळातले दोन वेगळे वाचक होत. त्यांना एका 'मराठी वाचका'त कोंबून केलेली विधाने तपासून घ्यावी लागतील. ते तपासण्याचे साधनही तोकडे आहे. सुरुवातीचे अनेक कार्यक्रम थेट सादर होत, आणि महागड्या ध्वनिचित्रफिती पुसून पुन्हा वापरल्या जात. त्यामुळे त्या संध्याकाळची संहिता उरली आहे ती मुख्यतः आठवणींत, आणि आठवणी लिहिल्या आहेत त्या ज्यांच्या घरी संच होता त्यांनी.

ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबईचे मराठी कार्यक्रम उपग्रहामार्गे राज्यभरच्या प्रक्षेपकांना मिळू लागले. तोवर प्रायोजित मालिकांनी रात्रीचा मोठा भाग व्यापला होता आणि 'रामायण'ने (१९८७-८८) रविवारची सकाळ. पुढे तीन-चार वर्षांत केबल आली. तिच्याबरोबर विल्यम्सना मायामीत दिसलेला प्रवाहही आला.