कवडीचं मोल

दिल्लीचा सुलतान मुहम्मद बिन तुघलक याने चीनच्या बादशहाकडे पाठवलेला वकील म्हणून इब्न बतूता १३४२ साली दिल्लीहून निघाला. वाटेत तो दौलताबादला आला. लासूर स्टेशनहून रेल्वेने औरंगाबादकडे जाताना पोटूळच्या पुढे दिसतो तोच हा किल्ला. आपल्याकडे इब्न बतूताची आठवण निघते ती बहुधा या किल्ल्यापुरतीच. पण आपण रोज बोलतो त्या ‘कवडीमोल’ शब्दातली कवडी कुठून यायची, हे त्याच्या पुढच्या प्रवासात सापडतं.

कालिकतला वादळात जहाजं फुटली, चीनचा बेत मोडला आणि १३४३ मध्ये तो मालदीवला पोचला. या बेटांनी ११५३ साली इस्लाम स्वीकारला होता. राज्य सुलताना खदिजा हिच्या हाती होतं. इब्न बतूता तिथे काझी झाला. जुम्याच्या नमाजला न येणाऱ्यांना त्याने शिक्षा केल्या, हा भाग लोक चवीने सांगतात. मला मात्र त्याने लिहून ठेवलेला तिथला व्यवहार जास्त मोलाचा वाटतो.

त्या बेटांवर धान्य फारसं पिकत नव्हतं. होतं ते मासे, नारळ आणि कवड्या. मासा कापून, हलका शिजवून, धूर देऊन वाळवला की तो महिनोनमहिने टिकायचा. हिंदुस्थान, चीन, यमनपर्यंत तो जात असे. नारळाच्या काथ्याच्या दोरांनी जहाजांच्या फळ्या शिवल्या जात. कवड्या उथळ समुद्रातून गोळा करायच्या, खड्ड्यात पुरायच्या आणि आतला जीव कुजून गेला की पांढरी कवडी हाती यायची. या कवड्या देऊन बंगालमधून तांदूळ घेत. एका सोन्याच्या दिनाराला चार लाख कवड्या पडत, आणि भाव उतरला की दहा लाख किंवा त्याहून जास्त. कवडी तीच, मेहनत तीच, आणि भाव निम्म्याहून खाली.

आपल्या मुलखातही कवडी केवळ खेळातली नव्हती. भास्कराचार्यांची ‘लीलावती’ साधारण ११५० सालची. त्यांच्या नातवाने मठ उभारल्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटणला आहे, म्हणजे कन्नडचा घाट उतरला की जवळच. त्या ग्रंथात नाण्यांचं कोष्टक कवडीपासून सुरू होतं: वीस कवड्यांची एक काकिणी, चार काकिणींचा एक पण, सोळा पणांचा एक द्रम्म. म्हणजे एका द्रम्माला १२८० कवड्या. तुळजाभवानीच्या भक्तांच्या गळ्यातली कवड्यांची माळ आजही आपण पाहतो. कवडीला इथे श्रद्धेतही जागा मिळाली. मात्र ती समुद्रातून काढणारे हात कुणाचे, हे आपण क्वचितच विचारलं.

पुढचा इतिहास कडू आहे. सतराव्या-अठराव्या शतकात डच आणि इंग्रज व्यापाऱ्यांनी मालदीवच्या कवड्या सिलोन आणि बंगालमार्गे युरोपात नेल्या आणि तिथून पश्चिम आफ्रिकेत. तिथे कवड्या देऊन माणसं विकत घेतली गेली. मासेमाराच्या घरात त्याच कवडीने तांदूळ येत होता. आपला माल कशासाठी वापरला जातोय, यावर त्याचा काहीच ताबा नव्हता.

एकोणिसाव्या शतकात कंपनी सरकारने बंगालमध्ये कवड्यांत सारा घेणं बंद केलं. जर्मन व्यापाऱ्यांनी झांजिबारच्या स्वस्त कवड्या आफ्रिकेत ओतल्या आणि त्या चलनाची किंमत कोसळली. मालदीवच्या हाती उरला सुका मासा, आणि त्याचं मुख्य गिऱ्हाईक एकच, सिलोन. मालेतला परदेशी व्यापार मुंबईहून गेलेल्या बोहरी पेढ्यांकडे होता. तांदूळ त्याच आणत. दुसऱ्या महायुद्धात तांदळाची गलबतं थांबली आणि बेटांवर उपासमार झाली. समुद्रात मासे होतेच, पण नुसत्या माशावर घर चालत नाही. १९६५ मध्ये देश स्वतंत्र झाला आणि १९७० च्या दशकाच्या आरंभी श्रीलंकेची सुक्या माशाची बाजारपेठही ढासळली. त्यानंतर होड्यांना इंजिनं बसली, ताजा मासा परदेशी कंपन्या घेऊ लागल्या आणि १९७२ पासून पर्यटन आलं.

आज मालदीव म्हटलं की आपल्याला निळं पाणी आणि महागडी हॉटेलं आठवतात. तिथले कोळी अजूनही ट्यूना जाळ्याने नव्हे, गळाने एकेक करून धरतात.

हा इतिहास एका लहान मुस्लिम देशाचा आहे, पण प्रश्न आपल्या ओळखीचा आहे. ज्याच्याकडे विकायला एक-दोनच वस्तू असतात, ज्याला रोजचं धान्य बाहेरून आणावं लागतं आणि ज्याचं गिऱ्हाईक एखादंच असतं, त्याच्या मालाचा भाव दुसरेच ठरवतात. लासूर स्टेशनच्या बाजारात कांदा ओतणाऱ्या शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको. निर्यातबंदीचा निर्णय दिल्लीत होतो आणि भाव इथे पडतो. मग आपण म्हणतो, माल कवडीमोल गेला. खरं तर कवडी फुकटची कधीच नव्हती. तिच्यामागे कुणाची तरी मेहनत होती. किंमत कमी ठरवणारे मात्र ना त्या पाण्यात उतरले, ना या शेतात.