पडद्याचे छिद्र: एका बदनाम शस्त्रक्रियेचा इतिहास

१/ कानाचा पडदा फाटला की श्रवणशक्ती गेली, असा समज पूर्वी दृढ होता. १८०० साली लंडनचे शल्यचिकित्सक ॲस्टली कूपर यांनी रॉयल सोसायटीपुढे एका वैद्यकीय विद्यार्थ्याची हकीकत मांडली. लहानपणी कान फुटून वाहिल्याने त्याच्या पडद्यांची मोठी हानी झाली होती. नाक दाबून जोर केला की हवा कानांतून शीळ घालत बाहेर पडे. तरीही साधे संभाषण त्याला ऐकू येई.

२/ आता उलट स्थिती पाहा. घशापासून मध्यकर्णापर्यंत एक अरुंद नळी जाते. सोळाव्या शतकातील बार्तोलोमेओ युस्ताकी यांच्या नावावरून ती युस्टेशियन नलिका म्हणून ओळखली जाते. संसर्गाने ती सुजून बंद झाली, की मध्यकर्णात हवा पोहोचत नाही. पडदा आत ओढला जातो, मागे द्रव साचतो आणि ऐकू येणे मंदावते.

३/ दार बंद असेल, तर भिंतीला झरोका पाडावा! १८०१ मध्ये कूपर यांनी अशा रुग्णांच्या पडद्याला बारीक छिद्र पाडल्याचे वृत्त प्रसिद्ध केले. काहींना तत्क्षणी ऐकू येऊ लागले. या संशोधनासाठी त्यांना कोपली पदक मिळाले.

४/ मग बहिऱ्यांची रीघ लागली. पण अनेकांचा दोष आंतरकर्णात वा श्रवणाच्या मज्जातंतूत होता; त्यांना छिद्राचा काहीच उपयोग नव्हता. ज्यांना गुण आला, त्यांचेही छिद्र लवकरच भरून येई. अखेर कूपर यांनी ही शस्त्रक्रिया सोडून दिली आणि ती बदनाम झाली.

५/ उणीव निदानाची होती. १८५५ मध्ये आंटोन फॉन ट्रॉल्च यांनी मध्यभागी भोक असलेल्या अंतर्वक्र आरशाने कानात प्रकाश टाकून पडदा पाहण्याची पद्धत पुढे आणली. त्याच वर्षी हाइनरिश रिने यांनी नादकाट्याची चाचणी मांडली. नाद हवेपेक्षा कानामागच्या हाडातून अधिक ऐकू आला, तर दोष बाह्य वा मध्यकर्णात असतो.

६/ १८६३ मध्ये व्हिएन्नाच्या आडाम पोलित्झर यांनी शस्त्राविना मार्ग दाखवला. रुग्ण पाण्याचा घोट गिळताना नलिका क्षणभर उघडते. नेमक्या त्याच क्षणी रबरी फुग्याने नाकपुडीतून हवा सोडायची.

७/ छिद्र उघडे ठेवण्याचा प्रश्न मात्र उरलाच. १९५४ मध्ये अमेरिकेतील बेव्हर्ली आर्मस्ट्राँग यांनी त्यात प्लास्टिकची इवलीशी नळी बसवली. आजच्या ‘ग्रॉमेट’मागे हीच कल्पना आहे. मुलांच्या कानात द्रव साचून राहिला, तर तो बसवतात; बहुधा काही महिन्यांनी तो आपोआप गळून पडतो.

८/ कूपर यांचा तर्क योग्य होता. मात्र छिद्र कोणाला पाडावे हे कळायला अर्धे शतक लागले आणि ते उघडे कसे ठेवावे हे साधायला आणखी एक शतक. तोवर उपाय ज्ञात असूनही कित्येकांना बहिरेपण सोसावे लागले.