दारावरची थाप

मंडळी, १८९७ सालचा पुण्याचा प्लेग म्हटला की आपल्याला रँडसाहेब आणि चापेकर बंधू आठवतात. त्या वर्षी फेब्रुवारीत साथरोगांचा कायदा झाला आणि मार्चपासून गोरे सोजीर रोगी शोधायला घराघरांत शिरले. देवघर पाहिले नाही की माजघर. लोक मग आजारी माणूस लपवू लागले. त्याच दिवसांत सावित्रीबाई फुले वस्त्यांमधून रोग्यांना आपल्या मुलाच्या, डॉ. यशवंतरावांच्या दवाखान्यात नेत होत्या. वय ६६. त्यातच १० मार्चला प्लेगने गेल्या.

हे आठवायचे कारण २०२१ साल. १ मार्चला साठीपुढच्यांना कोविडची लस खुली झाली. नोंदणी को-विनवर, नाहीतर केंद्रावर जाऊन. पोर्टलवर मराठी आली जूनमध्ये! आम्हा पेन्शनर मंडळींचे काम नातवंडांनी केले. पण बीडकडून उसाच्या फडावर जाणारा म्हातारा कोयतेकरी? घरातला एकुलता मोबाईल मुलाच्या खिशात. मे महिन्यात कोविशिल्डच्या दोन डोसांमधले अंतर १२ ते १६ आठवडे झाले. तेवढ्यात अशा माणसाचा मुक्काम बदलतो. दुसरा डोस कुठल्याही गावी घेता येत होता, पण हे त्याला सांगायचे कोणी?

सरकार शिकले, पण सावकाश. ओळखपत्र नसलेल्यांसाठी ६ मेला नियम निघाले. महिनाअखेर वृद्धांसाठी घराजवळच्या केंद्रांची सूचना आली. घरी जाऊन लस का देत नाही, असे मुंबई उच्च न्यायालय विचारत राहिले. मुंबईत अंथरुणाला खिळलेल्यांना घरी लस मिळू लागली ती जुलैअखेर. 'हर घर दस्तक' मोहीम नोव्हेंबरात. दुसरी लाट त्याआधीच कितीतरी म्हातारी माणसे घेऊन गेली होती.

१८९७ साली सरकार नको तसे घरात आले, २०२१ साली हवे तेव्हा आले नाही. शेवटी दारावर थाप मारली ती बहुधा आशाताईंनी. गावातलीच सून, तिला म्हातारे नावाने ओळखतात. रक्तदाब, मधुमेहाच्या तपासणीलाही हेच लागू आहे. शिबिराचा फलक वाचून कोयतेकरी आजोबा येणार नाहीत. फडावरच्या कोपीपर्यंत ओळखीचे कोणीतरी जायला हवे, आणि तेही हंगाम संपायच्या आत.

तुमच्या सोसायटीच्या बांधकामावर राखणीला असलेल्या बाबांचा रक्तदाब कोणी मोजलाय का हो? विचारून पाहा.