शृंगेरीची यात्रा आणि एक जुने ऋण

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात एखाद्या तीर्थक्षेत्री सहकुटुंब जाऊन यावे, असा विचार निघाला तेव्हा सर्वांच्या मुखी एकच नाव आले, ते शृंगेरीचे. बेंगळूरला स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांपैकी शारदांबेचे दर्शन घेतले नाही असे घर विरळाच. कुणी मुलांच्या अक्षराभ्यासासाठी जाऊन आलेले असतात, तर कुणी परीक्षेचा नवस फेडायला. परंतु या क्षेत्राशी आपला, म्हणजे मराठी माणसांचा, इतिहासाच्या मार्गानेही एक संबंध आहे, आणि तो नवस फेडण्याइतका सुखाचा नाही. या स्मरणिकेच्या निमित्ताने त्याविषयी चार शब्द लिहावेत असे आम्हांस वाटले.

तुमकूर, तिपटूर, अरसीकेरे, कडूर ही कोरडी, नारळीबागांची गावे मागे टाकून गाडी चिक्कमगळूरच्या पुढे घाटात शिरली, की प्रवाशाला आपण दुसऱ्याच प्रांतात आलो असे वाटू लागते. कॉफीचे मळे, सुपारीच्या बागा, मधूनच भाताची खाचरे आणि वर दाट रान. यालाच कन्नडमध्ये मलनाड म्हणजे डोंगराळ मुलूख म्हणतात. या डोंगरांच्या कुशीत तुंगा नदीच्या काठी शृंगेरी वसलेली आहे. ऋष्यशृंग मुनींच्या नावावरून हे नाव पडले असे सांगतात. जवळच किग्गा येथे ऋष्यशृंगेश्वराचे प्राचीन मंदिरही आहे. प्रसववेदनांनी तळमळणाऱ्या बेडकीवर भर उन्हात नागाने फणा धरलेला पाहून आद्य शंकराचार्यांनी आपल्या पहिल्या पीठासाठी ही भूमी निवडली, ही कथा तर घाटावरचा प्रत्येक पुजारी भाविकास ऐकवितो. जन्मजात वैऱ्यांनीही वैर विसरावे असे हे ठिकाण, हा त्या कथेचा मथितार्थ. पुढील हकीकत वाचताना वाचकांनी तो ध्यानी ठेवावा.

शृंगेरीचा लेखी इतिहास विजयनगरच्या उदयाबरोबर ठळक होतो. 1346 साली हरिहर आणि त्याचे बंधू येथे आले आणि त्यांनी भारतीतीर्थांस भूमी दान दिली, असे येथील शिलालेख सांगतो. विद्यारण्य, ज्यांची ‘पंचदशी’ महाराष्ट्रातील वेदान्ताभ्यासी पिढ्यानपिढ्या वाचीत आले, ते याच पीठाचे आचार्य होते. विद्यातीर्थांच्या स्मरणार्थ उभारलेले विद्याशंकर मंदिर त्याच चौदाव्या शतकातील. उंच जोत्यावरील या मंदिराच्या मंडपात बारा राशींचे बारा स्तंभ आहेत. सूर्य ज्या राशीत असेल त्या राशीच्या स्तंभावर सकाळचे किरण पडावेत अशी त्यांची योजना असल्याचे सांगतात. स्तंभावरील व्याळाच्या मुखात दगडी गोळा आहे. तो बोटाने फिरतो, पण बाहेर येत नाही. आमच्यातील मुलांना सारे तत्त्वज्ञान सोडून हा गोळाच अधिक आवडला, हे नमूद केले पाहिजे! शारदांबेचे आजचे पाषाणमंदिर 1916 मधले, तर प्रवेशद्वारावरील उंच राजगोपुर 2014 मधले आहे.

आता त्या अप्रिय हकीकतीकडे वळू. 1790 साली इंग्रज, निजाम आणि पेशवे यांनी मिळून टिपू सुलतानाविरुद्ध युद्ध पुकारले. 1791 च्या मार्चमध्ये कॉर्नवॉलिसने आपल्या याच बेंगळूरचा किल्ला जिंकला. उत्तरेकडे परशुरामभाऊ पटवर्धनांच्या फौजेने अनेक महिन्यांच्या वेढ्यानंतर धारवाड घेतले आणि ती दक्षिणेस निघाली. तिच्यापैकी रघुनाथराव पटवर्धन कुरुंदवाडकर यांची तुकडी बिदनूरच्या मुलखाकडे वळली, आणि त्या वर्षीच्या एप्रिलच्या सुमारास तिच्यासोबतच्या पेंढाऱ्यांनी व लमाणांनी शृंगेरीचा मठ लुटला. माणसे मारली गेली, मठाची मालमत्ता गेली, प्रत्यक्ष शारदेची मूर्ती स्थानभ्रष्ट झाली. त्या वेळचे जगद्गुरू तिसरे सच्चिदानंद भारती यांना मठ सोडून कार्कळ येथे जाऊन राहावे लागले.

ज्या पेशवाईने गोब्राह्मणप्रतिपालनाची बिरुदे मिरविली, तिच्या फौजेकडून शंकराचार्यांचा मठ लुटला जावा, यापरता दैवदुर्विलास कोणता? आणि त्या मठाची घडी पुन्हा बसविण्यास साहाय्य कोणी केले? तर ज्याच्याविरुद्ध ती मोहीम होती त्या टिपूने. त्याने बिदनूरच्या अधिकाऱ्यास हुकूम पाठवून शारदेच्या पुनःप्रतिष्ठेसाठी दोनशे राहती रोख आणि दोनशे राहती किमतीचे धान्य मठास देवविले. जगद्गुरूंना लिहिलेल्या त्याच्या कन्नड पत्रांचा संच 1916 मध्ये म्हैसूर संस्थानच्या पुराणवस्तू खात्याचे प्रमुख आर. नरसिंहाचार यांनी मठातून उजेडात आणला. स्वामींनी राज्याच्या कल्याणासाठी शतचंडी, सहस्रचंडी अनुष्ठाने करावीत अशी विनंतीही त्या पत्रव्यवहारात आहे. याच टिपूविषयी कोडगू आणि मलबार येथील आठवणी अगदी निराळ्या आहेत, हेही विसरून चालणार नाही. संकटात सापडलेल्या राजाला प्रजेच्या श्रद्धेचा आधार हवा होता, असाही अर्थ कोणी लावील. पण हेतू काहीही असो, शारदेची मूर्ती पुन्हा आसनावर बसली, ही वस्तुस्थिती आहे.

परतीच्या प्रवासात गाडीत याच विषयावर बराच वाद झाला. आमच्यापैकी काहींचे म्हणणे असे, की ही लूट मराठ्यांनी केलीच नाही, ती पेंढाऱ्यांची करणी. तेव्हा तिचा उच्चार तरी कशाला करावा? या म्हणण्यात तथ्यांश आहे. हे कृत्य पुणे दरबारच्या आज्ञेने झाले असे कोणीच म्हणत नाही. परंतु पेंढारी फौजेबरोबर कशासाठी असत? त्यांना पगार नसे. लूट हाच त्यांचा पगार, आणि त्या परवानगीबद्दल त्यांच्याकडून पालपट्टी नावाचा कर घेतला जाई. लमाण धान्याचा पुरवठा करीत. त्यांच्यावाचून फौज एक मजलही पुढे सरकत नसे. ज्यांच्या श्रमावर आणि लुटीवर मोहीम चालते, त्यांच्या अपराधाचा वाटा मोहिमेच्या धन्यालाही उचलावा लागतो. नफ्यात भागीदार आणि तोट्यात परका, असा हिशेब कोणत्याही वहीत बसत नाही.

दुसरा प्रश्न अधिक नाजूक होता. पुढच्या पिढीला हे सांगावे काय? आम्ही बेंगळूरचे मराठी लोक शहाजीराजांचा वारसा अभिमानाने सांगतो. 1638 नंतर हे शहर त्यांच्या जहागिरीत आले, 1664 साली होदिगेरे येथे त्यांचा अंत झाला; तेथील समाधीपुढे आम्ही नतमस्तक होतो. मल्लेश्वरमच्या काडु मल्लेश्वर मंदिरातील एकोजीराजांचा 1669 चा लेख पाहुण्यांना आवर्जून दाखवितो. मग शृंगेरीचे पान तेवढे चिकटवून कसे ठेवता येईल? वारसा सोयीपुरता घेता येत नाही. जमेबरोबर खर्चाची बाजूही घ्यावी लागते.

या बाबतीत आम्हांस मोठा आधार वाटला तो एका मराठी इतिहासकाराचाच. मिरजेचे वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धनांच्या दप्तरातील पत्रे ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ या नावाने अनेक खंडांत प्रसिद्ध केली. शृंगेरीच्या लुटीविषयीची मराठी बाजूची माहिती अभ्यासकांना मिळाली ती त्याच संग्रहातून. पटवर्धनांच्याच आश्रयाने वाढलेल्या नगरीत राहून, त्यांच्याच फौजेला लाज आणणारी कागदपत्रे त्यांनी दडविली नाहीत. शारदेच्या उपासकाने याहून मोठी पूजा ती कोणती करावी?

निघण्याच्या दिवशी सकाळी आम्ही पुन्हा घाटावर गेलो होतो. तुंगेतील मोठाले मासे पायरीपर्यंत येतात. त्यांना कोणी धरीत नाही, म्हणून ते माणसाला भीत नाहीत. मुले चुरमुरे टाकीत होती. शेजारी एक वृद्ध कन्नड गृहस्थ बसले होते. आमचे बोलणे ऐकून त्यांनी आपण महाराष्ट्रातले काय, म्हणून विचारले. होय म्हणताना, अलीकडेच वाचलेल्या इतिहासामुळे, आमचा स्वर क्षणभर अडखळला. त्यांनी मात्र आपल्या पुडीतले चुरमुरे आमच्या मुलांच्या ओंजळीत ओतले आणि प्रसादाची वेळ झाली, जेवूनच जा, असे अगत्याने सांगितले.

आम्ही जेवून निघालो. ज्या मठातून आपल्या फौजेने एके काळी अन्नधान्यासह सर्वस्व नेले, त्या मठाच्या पंगतीत आज आपल्याला कोणी नाव-गाव विचारीत नाही. हे ऋण फिटण्याजोगे नाही. निदान ते ठाऊक असावे, म्हणून हा लेखनप्रपंच.