राजवाड्यातलं इस्पितळ

ब्रायटनच्या रॉयल पॅव्हिलियनची १९१५ ची छायाचित्रं मी पुन्हा पुन्हा पाहतो. एके काळच्या या राजवाड्यात झुंबरांखाली ओळीनं खाटा, त्यांवर फ्रान्सच्या आघाडीवरून आणलेले जखमी हिंदी शिपाई. सोय खरोखर चोख होती. जातिधर्माप्रमाणे नऊ स्वयंपाकघरं, हिंदू-मुसलमानांना पाण्याचे वेगळे नळ. याची पुस्तिका उर्दू आणि गुरुमुखीतही छापली गेली, हे विसरू नये.

त्याच गावातल्या किचनर इस्पितळाला मात्र काटेरी तार होती. बरे होत आलेल्यांनाही मोकळं हिंडता येईना. घरची पत्रं सेन्सॉर व्हायची. त्यांतली एकच विनवणी मला छळते: जखमी होऊन बरे झालेल्यांना पुन्हा खंदकात धाडू नका. जखम भरली, की कित्येकांना परत तिकडेच जावं लागे.